सराफाच्या काट्यावरचा तांदूळ

खानापूर रस्त्याला आमची भाताची गिरणी आहे, वडिलांनी घातलेली. इंद्रायणी भरडायचा, पोती शिवून बेळगावात रविवार पेठेला पाठवायची, एवढाच धंदा.

भातात सेलेनियम, म्हणजे शरीराला अगदी थोडं लागणारं खनिज, आणायचं खूळ धाकट्या भावाचं. फिनलंडनं 1984 मध्ये ठरवून खतातच ते मिसळायला घेतलं आणि तिथल्या लोकांच्या रक्तातलं प्रमाण वाढलं, थायरॉईडला ते लागतंच, असं तो जेवताना सांगू लागला. आई म्हणाली, "आधी आमटी वाढून घे."

पहिल्या वर्षी आपटलो. घरच्या वीस गुंठ्यांत खताबरोबर जमिनीतून दिलं. तांदूळ तपासून आणला, तर फरक नावालाच. पाणी तुंबलेल्या चिखलात हवा नसते, तिथं सेलेनियम मातीतच अडकून बसतं, मुळांना मिळत नाही, हे मागाहून कळलं. मग भात पोटरीत आल्यावर, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या आधी, पानांवर फवारलं. असं दिलेलं दाण्याच्या प्रथिनात जाऊन बसतं, त्यामुळे पॉलिश केलं तरी सगळंच कोंड्याबरोबर जात नाही.

खरा घोर मापाचा. आम्ही हेक्टरी 10 ग्रॅम सेलेनियम धरतो, म्हणजे एकराला 4. पण पूड येते सोडियम सेलेनेटची, तिच्यात सेलेनियम शंभरात 42च. म्हणून एकराला साडेनऊ ग्रॅम पूड. आमचा पोत्यांचा काटा एवढ्याला हलतही नाही! शेवटी शहापुरातल्या एका सराफाचा जुना काटा आणला. अजूनही दार लावून, पंखा बंद करून, हातमोजे घालून मीच वजन करतो. मोठ्या माणसाला दिवसाला 55 मायक्रोग्रॅम पुरे. 400 ही वरची हद्द. रोज त्याच्या फार वर गेलं तर केस गळतात, नखं तुटतात. पंजाबात नवांशहर-होशियारपूरकडं काही जमिनींतच ते इतकं आहे की चाऱ्यातून जाऊन जनावरांचे खूर खराब होतात. म्हणून पुड्या बांधून विकायच्या नाहीत, फवारणी आपल्याच माणसांनी करायची, हे ठरलेलं. यात गिऱ्हाईक तुटलं, तुटू दे.

उतारा काही वाढत नाही. शेजारचे मामा बांधावरून म्हणाले, "पोतं वाढंना, रंग बदलंना, मग फवारलास काय की?" क्विंटलमागं जादा दर देतो म्हटल्यावर ते आले. पिशवीवर 'औषधी तांदूळ' छापा म्हणणारेही भेटले. आम्ही फक्त त्या लॉटच्या तपासणीचा आकडा छापतो.

यंदा गणपती गेले तरी पाऊस हटेना. मामांच्या शेतातली फवारणी दोनदा पुढं ढकलली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचाच फोन आला, "उघडलंय बघ. पंप घेऊन ये की."