टर्बाइनचे वय केवळ तासांत मोजू नये
भोसरीच्या प्रयोगशाळेत जुन्या वाफेच्या टर्बाइनचे धातुपरीक्षण करताना आम्हाला बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: यंत्र इतके तास चालले आहे, तर रोटर (टर्बाइनचा फिरणारा भाग) आणखी किती वर्षे टिकेल? केवळ तासांवरून याचे उत्तर देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

सुमारे ५४० अंश सेल्सिअसच्या वाफेत क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियम पोलाद सततच्या ताणाखाली अतिशय मंद गतीने ताणले जाते. या मंद ताणले जाण्याला क्रीप म्हणतात; त्यामुळे ग्रेनच्या, म्हणजे धातूतील स्फटिककणांच्या, सीमांवर सूक्ष्म पोकळ्या तयार होतात आणि त्या एकमेकींना जोडल्या गेल्या की भेग पडते. यंत्र चालू-बंद होताना होणारी इजा वेगळी असते. तेव्हा पृष्ठभाग आधी तापतो, गाभा मागे राहतो आणि या फरकाचा ताण खाचांच्या कोपऱ्यांत एकवटतो. त्यामुळे स्थिर भारावर एक लाख तास चाललेला रोटर आणि तेवढेच तास वरचेवर थांबत चाललेला रोटर सारखे जुने नसतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनुसार कोळशावरील वीजसंचांना क्षमतेच्या ४० टक्के भारापर्यंत उतरावे लागणार असल्याने सुरू-बंदीची आणि भारबदलाची नोंद आता अधिकच काटेकोर ठेवायला हवी.

धातूची खरी स्थिती रेप्लिकावरून, म्हणजे पृष्ठभागाच्या ठशावरून कळते. त्यासाठी पृष्ठभाग आरशासारखा पॉलिश करून सौम्य आम्लाने एच करतात (किंचित कोरतात), त्यावर ॲसिटेटची फिल्म चिकटवून ठसा घेतात आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मात्र हा ठसा त्या एका जागेपुरता आणि केवळ वरच्या थरापुरता बोलतो, म्हणून जागा निवडण्यातच तपासनिसाचा कस लागतो. रोटरच्या मध्यछिद्रासाठी अल्ट्रासोनिक तपासणीच लागते.

केसिंगवर (टर्बाइनच्या बाहेरील कवचावर) भेग दिसताच वेल्डिंगचा आग्रह धरला जातो. भेग पूर्ण घासून काढल्यावर उरलेली जाडी गणितात पुरेशी ठरत असेल, तर ती जागा गुळगुळीत करून तशीच ठेवावी, कारण वेल्डिंगआधीची प्री-हीट (धातू तापवणे) आणि नंतरचे स्ट्रेस रिलीव्हिंग (उष्णता देऊन आतील ताण काढणे) नीट झाले नाही तर केसिंग वाकते आणि जॉइंटमधून वाफ गळू लागते. शेवटच्या टप्प्यातील ब्लेडवरील झिजलेली स्टेलाइटची (झीज रोखणाऱ्या कठीण मिश्रधातूची) पट्टी बदलता येते. मुळाशी भेग असलेले ब्लेड मात्र बदलावेच.

पुणे जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पांना माझी एक विनंती आहे: गळीत हंगाम संपताच केसिंग उघडावे. पावसाळा सरत आल्यावर दोष सापडला, तर नवी ब्लेड बनवून घेऊन रोटरचे बॅलन्सिंग करण्याइतका वेळ हाती उरत नाही.