विमानातला चार आणे वाटा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. गुहागरला परत आल्यापासून लग्नाच्या पंगतीत, देवळात, अगदी दवाखान्याच्या बाकावरही कोणी ना कोणी गाठतंच : "काका, अमेरिकेत तुमचं स्वतःचं विमान होतं म्हणे. परवडायचं कसं?"

विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गुळगुळीत पांढरं जेट असतं. आमचं होतं १९७५ सालचं सेस्ना १७२. एक इंजिन, चार सीट, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेग. तेही चौघांत घेतलेलं. माझा वाटा चार आणे. ही जात १९५६ पासून बाजारात आहे आणि आजवर ४४ हजारांहून जास्त बनली आहेत. त्यामुळे सुटे भाग मिळतात, आणि कुठल्याही धावपट्टीवरच्या मेकॅनिकला तिचा स्वभाव पाठ असतो. स्वस्तात मिळणारं एखादं दुर्मीळ विमान घेऊन पुढे एकेका बोल्टासाठी वणवण करण्यापेक्षा हे शतपटीने बरं.

माझ्या वाट्याला आलेली रक्कम एका बऱ्या मोटारीएवढी होती. सगळे तिथेच हिशेब थांबवतात. खरा खर्च नंतरचा. विमान उडो न उडो, हँगरचं म्हणजे विमान ठेवायच्या शेडचं भाडं, विमा आणि दर बारा महिन्यांनी करावीच लागणारी तपासणी चुकत नाही. उडालं की तासाला तीसेक लिटर पेट्रोल. शिवाय इंजिन. आमचं लायकॉमिंग कंपनीचं इंजिन २००० तासांनी किंवा १२ वर्षांनी पूर्ण उघडून नव्याने बांधावं, असं कंपनी सांगते. तिथे खाजगी मालकावर त्याची सक्ती नाही, पण आज ना उद्या ते बिल दारात येतंच. म्हणून जो उडवेल त्याने पेट्रोल वेगळं आणि इंजिनासाठी तासाला वीस डॉलर सामाईक खात्यात टाकायचे, असं ठरवलं होतं. भाऊबंदकी मी इथूनच बघून गेलो होतो. तेव्हा वाटा विकायचा असेल तर काय, कोणी आपटलं तर काय, हे सगळं घेण्याआधीच लिहून काढलं.

आम्ही ह्यूस्टनच्या खाली, समुद्राच्या बाजूला होतो. खाऱ्या वाऱ्याचं मी तुम्हाला काय सांगावं! पंखाच्या पत्र्याखाली पांढरी भुकटी धरते, रिव्हेटच्या कडेने रंग फुगतो. ते निदान दिसतं तरी. इंजिनाच्या आत चाललेलं दिसत नाही. लायकॉमिंगमध्ये कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, वरच्या अंगाला असतो. विमान नुसतं उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल हळूहळू खाली ओघळतं, दमट हवेत गंज चढतो, आणि पुढच्या वेळी इंजिन सुरू झालं की तोच गंज धातू खरवडतो. जमिनीवरच दहा मिनिटं इंजिन फिरवून ठेवणारे महाभाग असतात. त्याने उलट नुकसानच. तेल पुरतं तापत नाही आणि आत आणखी पाणी धरतं. मुंबईकरांची बंद घरं आपल्याकडे राहत्या घरांच्या आधी पडतात, तशातलाच प्रकार. त्यामुळे खर्च वाचवायला विमान कमी उडवू, असं म्हणणाऱ्या भागीदाराला आम्ही बोलूच दिलं नाही.

तेल बदलायला तिथे मालकाला परवानगी आहे. पन्नास तास झाले की मी जुना फिल्टर काढायचो, त्याचा डबा कापायचो, आतल्या कागदाच्या घड्या उलगडून उजेडात धरायचो आणि वरून लोहचुंबक फिरवायचो. कागदावर चकाकणारं काही दिसलं आणि ते चुंबकाला चिकटलं, तर लोखंड : कॅम नाहीतर सिलिंडर झिजतोय. चिकटलं नाही, तर बहुधा अॅल्युमिनियम. काहीच नसलं की त्या दिवशी जेवण गोड लागायचं. तसंच सीटच्या रुळांचं. या जुन्या सेस्नांमध्ये रुळाची भोकं झिजली तर उड्डाणाच्या वेळी सीट मागे घसरते. त्यापायी अपघात झाल्यावर १९८७ साली ही भोकं मोजून तपासायची सक्ती झाली. भोक ते केवढंसं, पण आमचा मेकॅनिक चष्मा कपाळावर चढवून एकेक मोजायचा.

आता मिरवण्याचं. आमच्या विमानाचा रंग विटलेला होता. शेजारी नवंकोरं कोणी लावलं की थोडी लाज वाटायची, खोटं कशाला बोलू? रंगासाठी वर्गणी काढायचं एकदा जवळजवळ ठरलंही. त्याच वर्षी तपासणीत दोन सिलिंडरांचा दाब उतरलेला निघाला. ८० पैकी सत्तरच्या वर असायला लागतो, तो साठीच्या घरात. पैसे सिलिंडरांत गेले आणि रंग राहिला तो राहिलाच. मी मिरवायचो लॉगबुकं, म्हणजे विमानावर झालेल्या कामांच्या नोंदवह्या. १९७५ पासूनची एकही वही गहाळ नाही, प्रत्येक कामाखाली सही. पाहुण्यांना त्यात काडीचा रस नसायचा, तरी दाखवायचो.

मग इकडे का नाही आणलंत, हा पुढचा प्रश्न. आणून ठेवू कुठे? रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाकडे. सिंधुदुर्गातलं चिपी विमानतळ २०२१ मध्ये सुरू झालं, पण या इंजिनाला लागणारं पेट्रोल पंपावरचं नव्हे आणि जेटचंही नव्हे. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्यात करायला घेईपर्यंत ते परदेशातूनच यायचं. ती पिंपं घाट उतरवून आणायची, हवाई संरक्षणाची परवानगी काढायची, आणि एवढं करून चार महिने पाऊस. कॅमशाफ्टचं वर सांगितलंच आहे.

तेव्हा वाटा विकला. घेणारा तरुण दातांचा डॉक्टर होता. आला तो विमानाकडे न बघता आधी लॉगबुकं मागून हँगरमध्ये खुर्ची टाकून वाचत बसला. उरलेल्या तिघांनी तिथेच मान डोलावली. भावात मात्र त्याने आपल्या मासळीबाजाराला लाजवेल अशी घासाघीस केली. रंगाचे पैसेसुद्धा कापून घेतले.