कुत्रा पाळला की आयुष्य वाढतं का? आकडे आणि त्यामागचं चालणं

‘कुत्रा पाळणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका २४ टक्क्यांनी कमी’ ही ओळ २०१९पासून सगळीकडे फिरते आहे. आकडा खोटा नाही. टोरंटो विद्यापीठाच्या कॅरोलाइन क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचे दहा अभ्यास एकत्र करून, सुमारे ३८ लाख लोकांच्या माहितीवरून तो काढला. नुसते हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे मृत्यू पाहिले तर फरक आणखी मोठा दिसतो, ३१ टक्के. हे वाचून कुणी एकट्या राहणाऱ्या वडिलांसाठी पिल्लू आणायला निघतं, कुणी स्वतःच्या ब्लड प्रेशरवर उपाय म्हणून. म्हणून हा आकडा कुठून येतो ते आधी नीट पाहायला हवं.

पहिली गोष्ट, ही घट सापेक्ष आहे. समजा, एखाद्या वयोगटातल्या कुत्रा नसलेल्या हजार जणांपैकी दहा वर्षांत शंभर जण दगावतात. २४ टक्के घट म्हणजे कुत्रा असलेल्या हजारांमध्ये साधारण ७६ जण. उरलेल्या बहुसंख्य लोकांच्या बाबतीत त्या दहा वर्षांपुरता काहीच फरक नाही. तिशी-चाळिशीत मुळात धोकाच कमी असतो, त्यामुळे तिथे हा फरक आणखी आक्रसतो. आणि ‘२४ टक्के’ याचा अर्थ ‘आयुष्य २४ टक्क्यांनी वाढलं’ असा तर अजिबात होत नाही.

या विषयातला सर्वांत मोठा अभ्यास स्वीडनचा. तिथे २००१पासून प्रत्येक कुत्र्याची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे आणि प्रत्येक रहिवाशाला ओळख क्रमांक असतो. उप्साला विद्यापीठाच्या तूवे फाल यांच्या गटाने या दोन नोंदी जोडल्या आणि ४० ते ८० वयाच्या ३४ लाख लोकांचा बारा वर्षांपर्यंतचा मागोवा घेतला. २०१७ साली निष्कर्ष आले. एकट्या राहणाऱ्यांमध्ये कुत्रा असलेल्यांच्या मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी कमी, तर घरात आणखी माणसं असलेल्यांमध्ये ११ टक्क्यांनी. हार्ट अटॅक किंवा पक्षाघातातून वाचलेल्यांवरचा त्यांचा पुढचा अभ्यास २०१९चा. अटॅकनंतर कुत्रा असलेल्यांच्या मृत्यूचा धोका एकट्या राहणाऱ्यांमध्ये ३३ टक्क्यांनी कमी, जोडीदार किंवा मूल सोबत असलेल्यांमध्ये १५ टक्क्यांनी. पक्षाघातानंतर हेच आकडे २७ आणि १२.

माझ्या मते ३३ आणि ११ यांच्यामधली दरी ही या सगळ्या संशोधनातली सर्वांत बोलकी गोष्ट आहे. एकटा माणूस कुत्रा पाळतो तेव्हा सकाळी साडेसहाला आणि रात्री नऊला बाहेर पडायला दुसरं कुणी नसतं. पाऊस असो, सांधे दुखत असोत, जावंच लागतं. चार जणांच्या घरात ते काम वाटलं जातं, बहुतेक वेळा एकाच्याच गळ्यात पडतं, आणि बाकीचे सोफ्यावर बसून त्याच कुत्र्याचे मालक म्हणून मोजले जातात. शिवाय एकट्या माणसाला घरात कुणाशी तरी बोलायला मिळतं, ते वेगळंच.

पण त्याच दरीचा दुसराही अर्थ निघतो. एकटा राहणारा, चालताना धाप लागणारा, महिन्यातून दोनदा दवाखान्यात जाणारा माणूस कुत्रा आणतच नाही. घरात इतर माणसं असली तर आजाऱ्याच्या घरीही कुत्रा असू शकतो. म्हणजे एकट्यांच्या गटात कुत्र्याचे मालक आधीपासूनच निवडक, धडधाकट असण्याची शक्यता जास्त. तब्येत चांगली म्हणून कुत्रा, की कुत्रा म्हणून तब्येत चांगली, हे नुसत्या नोंदींवरून वेगळं करता येत नाही. उत्पन्न, शिक्षण, राहण्याचा भाग यांचा हिशेब संशोधकांनी धरला होता, पण देशव्यापी नोंदीत कोण सिगारेट ओढतं याची माहितीच नव्हती. त्याच गटाने २०१९ साली जुळ्यांच्या ३५ हजार जोड्या तपासल्या, तेव्हा कुत्रा पाळण्याच्या कलातला निम्म्याहून अधिक फरक आनुवंशिक असल्याचं दिसलं: स्त्रियांत ५७ टक्के, पुरुषांत ५१. म्हणजे कुत्रा पाळणारे आणि न पाळणारे हे जन्मापासूनच काही बाबतींत वेगळे असू शकतात.

इंग्लंडमधला २०१८चा अभ्यास याच कारणासाठी लक्षात ठेवावा. सहा सर्वेक्षणं एकत्र केली, सुमारे ५९ हजार माणसं, सरासरी साडेअकरा वर्षांचा मागोवा. कुत्रा असणं आणि मृत्यूचं प्रमाण यांचा काहीच संबंध आढळला नाही. ही बातमी क्वचितच कुणी पुढे पाठवली. ऑस्ट्रेलियात २०१० साली हृदयरुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात तर पाळीव प्राणी असलेल्यांचं पुन्हा रुग्णालयात भरती होण्याचं किंवा दगावण्याचं प्रमाण उलट जास्त निघालं. आणि हा सगळा विषय जिथून सुरू झाला तो एरिका फ्रीडमन यांचा १९८०चा अभ्यास फक्त ९२ रुग्णांचा होता: प्राणी पाळणाऱ्या ५३ जणांपैकी वर्षभरात तिघे गेले, न पाळणाऱ्या ३९ जणांपैकी अकरा. फरक डोळ्यांत भरणारा, पण माणसं मूठभर.

खरा निवाडा करायचा तर चिठ्ठ्या टाकून निम्म्या लोकांना कुत्रा द्यायचा आणि निम्म्यांना नाही, मग वीस वर्षं थांबायचं. हे कुणी केलेलं नाही आणि करणं सोपंही नाही. त्याच्या जवळपास जाणारा एक प्रयोग मात्र आहे. कॅरन ॲलन यांनी उच्च रक्तदाब असलेल्या ४८ शेअर दलालांना लिसिनोप्रिल हे औषध सुरू केलं आणि चिठ्ठीने निवडलेल्या निम्म्यांना कुत्रा किंवा मांजर घ्यायला लावलं. सहा महिन्यांनी पाहिलं तर स्वस्थ बसलेलं असतानाचा दाब दोन्ही गटांत औषधाने सारखाच उतरला होता. ताण आल्यावर जो दाब उसळतो, तो मात्र प्राणी असलेल्यांमध्ये बराच कमी उसळला. म्हणजे गोळीची जागा कुत्रा घेत नाही. गोळी जिथे अपुरी पडते तिथे त्याची मदत होताना दिसते. कुत्रा आणला म्हणून बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ साली घेतलेली भूमिका मला अजूनही योग्य वाटते: कुत्रा पाळल्याने हृदयविकाराचा धोका कमी होत असावा, पण केवळ त्या हेतूने प्राणी घरी आणू नये.

मग हाती काय उरतं? चालणं. याबाबतचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. ब्रिटनमध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांना हालचाल मोजणारं यंत्र लावून २०१७ साली पाहिलं, तर कुत्रा असलेले रोज २२ मिनिटं आणि २,७६० पावलं जास्त चालत होते. २२ गुणिले ७ म्हणजे आठवड्याला १५४ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना मध्यम श्रमाच्या व्यायामाची किमान पातळी सांगते ती १५० मिनिटांची. त्याच वर्षी इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या तीन हजारांवर ज्येष्ठांच्या अभ्यासात दिसलं की कुत्रा फिरवणारे लोक सर्वांत खराब हवेच्या दिवशीसुद्धा, कुत्रा नसलेल्यांच्या सर्वांत चांगल्या हवेच्या दिवसापेक्षा जास्त हालचाल करत होते.

मात्र ही मिनिटं हृदयाच्या कामी यायची तर वेग हवा, आणि कुत्र्याच्या मनात वेग नसतो, वास असतात. वीस मिनिटांच्या फेरीत तो पंधरा वेळा थांबला तर तुमची नाडी वर जातच नाही. यावर उपाय म्हणजे फेरीचे भाग पाडणं. पहिली पाच-सात मिनिटं पूर्ण त्याची: हुंगू द्या, शी-शू होऊ द्या, तुमचे सांधेही तेवढ्यात मोकळे होतात. मग लीश (कुत्र्याला धरायची दोरी) थोडी आखूड धरा, कुत्रा तुमच्या एका बाजूला, आणि पंधरा ते वीस मिनिटं न थांबता चाला. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, हा योग्य वेग. शेवटची पाच मिनिटं पुन्हा त्याची. लीश आखूड झाली की चालायचं आणि सैल झाली की हुंगायचं, हे बहुतेक कुत्रे दोन-तीन आठवड्यांत शिकतात. अट एवढीच की घरातल्या सगळ्यांनी एकच पद्धत ठेवली पाहिजे. हुंगणं पूर्ण बंद करू नका. त्याच्या डोक्याला तोच व्यायाम आहे, आणि तो मिळाला नाही की घरी चपला कुरतडल्या जातात.

आता धोक्याकडे. फायद्याचे लेख हा भाग गाळतात, आणि म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत हिशेब इथेच उलटू शकतो. लीश धरून कुत्रा फिरवताना हाड मोडून रुग्णालयात आलेल्या ६५ वर्षांवरच्या लोकांची संख्या अमेरिकेत २००४ साली सुमारे १,६७० होती, २०१७ साली ती ४,४०० च्या घरात गेली. त्यात जवळपास ७९ टक्के स्त्रिया. सर्वांत जास्त मोडतो तो खुबा. उतारवयात खुब्याचं हाड मोडल्यावर अनेकांचं स्वतंत्र हिंडणं-फिरणं कायमचं संपतं, आणि पुढच्या वर्षभरात दगावण्याचं प्रमाणही मोठं असतं. आयुष्य वाढवायला आणलेला कुत्रा एका हिसक्यात ते कमी करू शकतो.

हिसक्याचं गणित साधं आहे. आपोआप गुंडाळली जाणारी पाच-आठ मीटरची लीश असेल तर कुत्र्याला वेग घ्यायला तेवढी जागा मिळते आणि दोरी संपते तेव्हा तो सगळा जोर तुमच्या खांद्यावर येतो. दीड ते दोन मीटरची, रुंद पट्टीची, ठरावीक लांबीची लीश वापरा. ती मनगटाला किंवा बोटांना कधीही गुंडाळू नका. गुंडाळलेल्या बोटाचं हाड पिळवटून मोडतं आणि पडताना लीश सोडताही येत नाही. फास अंगठ्यात अडकवून पट्टी तळव्यावरून घ्या आणि मूठ बंद करा. दुसरा हात लीशच्या मधोमध, कोपर अंगाजवळ. हात लांब ताणलेला असेल तर झटका थेट खांद्याच्या सांध्यात जातो. ओढणाऱ्या कुत्र्याला गळपट्ट्याऐवजी छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस (छाती-खांद्यांभोवती बसणारा पट्टा) घाला. ओढलं की तो आपोआप बाजूला वळतो आणि त्याचा जोर मोडतो. हार्नेस आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं जावीत, जास्त नाही, नाहीतर मागे सरकून तो निसटतो.

घरातही पडणं होतं. रात्री बाथरूमला उठल्यावर पलंगाला लागून झोपलेल्या कुत्र्यात पाय अडकणं हा नेहमीचा प्रकार. कुत्र्याची गादी पलंग आणि दार यांच्या वाटेवर नको, आणि वाटेत जमिनीलगत मंद दिवा असावा.

कुठला कुत्रा, याचं उत्तर आकारापेक्षा स्वभावावर ठरतं. साठी ओलांडलेल्यांनी पिल्लाच्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवातीला दिवसा दर दोन-तीन तासांनी आणि रात्रीही एखाद्या वेळी त्याला बाहेर न्यावं लागतं, आणि पायांत घोटाळणं हा तर त्याचा धर्मच. तीन-चार वर्षांच्या पुढचा, माणसाळलेला, लीशवर ओढत नाही हे स्वतः चालवून पाहिलेला कुत्रा घ्या. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना वेगाने चालवता येत नाही, उन्हात तर मुळीच नाही, त्यामुळे व्यायामाचा हेतूच बाजूला राहतो. हस्की किंवा बॉर्डर कॉलीला दिवसाचा तासभरही पुरत नाही. उन्हाच्या दिवसांत हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

प्लीहा काढलेली असेल, केमोथेरपी चालू असेल, अवयव प्रत्यारोपण झालं असेल, तर कुत्रा आणण्याआधी डॉक्टरांशी बोला. निरोगी माणसाला सहसा त्रास न देणारे कुत्र्याच्या लाळेतले काही जंतू अशा माणसाच्या रक्तात गेले तर जिवावर बेततं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी कुत्र्याची नखं वेळच्या वेळी कापून घ्यावीत, कारण साधा ओरखडाही वाहत राहतो. रेबीजची लस व्हेट सांगतील तशी दर ठरल्या वेळी, जंतनाशकही त्यांच्याच सल्ल्याने. चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टर गाठायचा.

आणखी एक तयारी कुत्रा घरी येण्याआधीच हवी. कुत्र्याचं आयुष्य साधारण दहा ते तेरा वर्षांचं. सत्तरीतल्या माणसाला त्या काळात कधी ना कधी रुग्णालयात राहावं लागणार हे धरून चालावं. ‘याला कोण बघणार’ म्हणून एकटी माणसं ऑपरेशन पुढे ढकलतात, छातीत दुखत असूनही भरती व्हायला नकार देतात. एका कागदावर लिहून ठेवा: कुत्र्याचं नाव, वय, खाण्याचं प्रमाण आणि वेळा, औषधं, लसीची तारीख, व्हेटचा नंबर, आणि त्याला घेऊन जायला तयार असलेल्या दोन माणसांचे नंबर. त्यांच्याकडे घराची किल्ली असावी आणि कुत्र्याने त्यांच्याबरोबर निदान एक रात्र आधी काढलेली असावी. कागद फ्रिजच्या दारावर लावा, त्याचा फोटो त्या दोघांना पाठवा.