तुम्ही विचारलंत म्हणून: एका घरात दोन पंप कशाला?

एका घरात दोन पंप आणि दोन स्वतंत्र पाइपलाइनी, एक बोअरच्या खाऱ्या पाण्याची आणि एक साठवलेल्या पावसाच्या पाण्याची, कशाला, हा प्रश्न मला सोयरे विचारतात, शेजारी विचारतात, आणि ज्या दुकानातून मी सामान आणतो तो दुकानदारही, स्वतःचा माल खपत असूनही, विचारतो. बहुतेकांनी उत्तर मनाशी आधीच ठरवलेले असते: पैसा जास्त झाला असेल किंवा डोक्यात खूळ शिरले असेल. आजवर मी "आपलं सोयीचं पडते" एवढे म्हणून विषय टाळला. आता एकदा सविस्तर सांगतो.

खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखालचे पाणीच खारे असलेल्या भागातल्या, माणसाला बोअरच्या पाण्याविषयी सांगायची गरज नाही. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत, असे भारतीय मानक सांगते. आमच्या दर्यापूर तालुक्यातल्या अंगणातले बोअर ही दुसरी मर्यादाही ओलांडते. म्हणून स्लॅबचे पाणी जमिनीखालच्या टाक्यात घेतले. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. ९० चौरस मीटर स्लॅब आणि ७५० मिलिमीटर पाऊस धरला, पहिल्या सरींचे पाणी सोडून दिले आणि गळती वजा केली, तरी ५० हजार लिटर कुठे जात नाही. टाके २० हजारांचे आहे. दिवसाला ८० लिटर, म्हणजे पिणे आणि स्वयंपाक एवढेच, असे वापरले तर पाऊस संपल्यापासून मृगापर्यंतचे आठ महिने निघतात. हा हिशेब माझ्या घरात तांदळाच्या हिशेबाइतका पक्का आहे.

"मग हे पाणी वरच्या टाकीत चढवा आणि खाली सोडा, नळाला थेट दाबाने पाणी देणाऱ्या प्रेशर पंपाची चैन कशाला?" असा पुढचा प्रश्न येतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या पुढे गेला की स्लॅबवरच्या टाकीतले पाणी हाताला चटके देते, आणि टाकीत उजेड शिरला तर शेवाळही धरते. टाक्यातले पाणी अंधारात आणि गारव्यात टिकते; तिथून लागेल तेवढेच उचलणे मला शहाणपणाचे वाटते. शिवाय दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे स्वयंपाकघराच्या नळापेक्षा तीन मीटर उंच असलेली टाकी ०.३ बार देईल. एवढ्या दाबावर आमचे गाळण थेंब थेंब टपकते. याला कुणाला चैन म्हणायचे असेल तर म्हणो.

आता मूळ प्रश्न. बोअरमधला सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारा पंप, सोडला तर सुरुवातीला आमच्याकडेही एकच पंप होता. मिस्त्रीने पंपाच्या तोंडाशी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवली: एका फाट्यावर टाक्यातून येणारा सक्शन पाइप, दुसऱ्यावर स्लॅबवरच्या खाऱ्या टाकीतून उतरणारी लाइन, दोन्हींवर प्लास्टिकचे कॉक. स्वयंपाकघराला पाणी हवे असेल तर एक उघडायचा, न्हाणीला हवे असेल तर दुसरा. "गोडं पानी मांगं जाईन, खारं आत येईन, असं काही होत नसते भाऊ, खाली फूट व्हॉल्व्ह हाये ना," हे त्याचे शब्द. मलाही ते पटले होते. एका पंपाचे पैसे वाचत होते, बिलात फरक पडत होता आणि फूट व्हॉल्व्ह, म्हणजे सक्शन पाइपच्या टाक्यातल्या टोकाची एकतर्फी झडप, पाणी उलटे जाऊ देत नाही हे पुस्तकी सत्य आहे. त्या वेळच्या माझ्या मनाशी आजही वाद घालायला बसलो तर त्याच्या हिशेबात मला खोट काढता येत नाही.

दिवाळीत घर भरलेले होते. आदल्या संध्याकाळी कुणीतरी न्हाणीसाठी खाऱ्या पाण्याचा कॉक उघडला आणि टाक्याच्या बाजूचा कॉक अर्धाच फिरला. पहाटे आईने चहाला आधण ठेवले, दूध ओतले आणि ते भांड्यातच फाटले. दूध नासले असेल म्हणून तिने दुसरे काढले, तेही फाटले. मग तिने चमचाभर पाणी तोंडात घेतले आणि मला हाक मारली, "अरे, हे पानी खारं लागते." मी टाक्याचे झाकण उचलले. आदल्या दिवशी जिथे हातभर मोकळी जागा होती तिथे पाणी कडेला टेकले होते आणि उरलेले ओव्हरफ्लोच्या पाइपातून अंगणात वाहत होते.

फूट व्हॉल्व्ह वर काढला तेव्हा त्याच्या झडपेखाली कडुनिंबाची एक काडी अडकलेली सापडली, काडेपेटीतल्या काडीपेक्षाही बारीक. तेवढ्या फटीतून स्लॅबवरची टाकी रात्रभर टाक्यात उतरत राहिली, आणि ती रिकामी होऊ लागली की सबमर्सिबल आपोआप सुरू होऊन तिला पुन्हा भरत राहिला. सगळी यंत्रे नेमून दिलेले काम चोख करत होती. मिस्त्री आला, काडी पाहिली आणि "जाळी लावाले पाहिजे होती" एवढे बोलून गेला. पावसाळा संपलेला होता. ते पाणी भांडी-कपड्यांना वापरून संपवले आणि जूनपर्यंत पिण्याचे पाणी कॅनने विकत आणले. आई कुणाला काही बोलली नाही; डाळ शिजायला वेळ लागला की फक्त कुकरच्या शिट्ट्या मोठ्याने मोजायची.

त्यानंतर दोन्ही पाण्यांमध्ये एकही सांधा ठेवला नाही. पावसाच्या पाण्यावर अर्ध्या अश्वशक्तीचा वेगळा पंप टाक्याला लागूनच बसवला, कारण सक्शन, म्हणजे पंपाने पाणी खालून ओढणे, कागदावर दहा मीटरचे असले तरी प्रत्यक्षात सातच्या पुढे भरवसा नसतो. पाणी ओढणारे तोंड तरंगत्या फुग्याला बांधून पृष्ठभागाच्या थोडे खाली ठेवले आहे, म्हणजे तळचा गाळ आणि वरचा कचरा दोन्ही टळतात. बारीक गाळण पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला; मागे लावले की पंप गुदमरतो. टाक्यातली पातळी उतरली की फ्लोट स्विच पंप बंद करतो, नाहीतर कोरड्या पंपाचे सील जळते. प्रेशर स्विच २० पीएसआय दाबाला चालू आणि ४० ला बंद असा आहे, आणि पंपाच्या पुढच्या दाबटाकीत (हवेच्या दाबाखाली थोडे पाणी धरून ठेवणारी छोटी टाकी) हवा १८ पीएसआय. ही हवा पाणी पूर्ण काढूनच मोजावी लागते. मी पंक्चरवाल्याचा गेज आणून मोजतो. ती उतरली की पेलाभर पाण्यालाही पंप धडकन सुरू होतो, धडकन बंद पडतो, आणि घरातले माझ्याकडे पाहतात.

पुतण्या इंजिनीअर आहे. त्याचे म्हणणे असे की दोन चांगले एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा) आणि एक थ्री-वे कॉक लावला असता, म्हणजे एका वेळी एकच वाट उघडी राहिली असती, तर एका पंपावर सगळे निभावले असते. बहुधा त्याचे बरोबर आहे. पण एनआरव्हीतही काडी अडकू शकते, आणि आईला तो थ्री-वे कॉक समजावून सांगायला मी तयार नाही.

लाइट गेल्यावर काय, हा तुमचा टोमणा मात्र मला लागतो. व्होल्टेज १७० वर आले तरी मोटरचा जोर जवळपास निम्मा होतो, आणि सुरू होताना ती चालू स्थितीच्या कितीतरी पट करंट ओढते, म्हणून घरचा इन्व्हर्टर तिला पेलत नाही. सौर पॅनलवरच्या लहान डीसी पंपाची चौकशी चालू आहे. तो झाला तर पंप तीन होतील. तोवर टाक्याच्या झाकणापाशी दोर आणि बादली ठेवलेली असते.