दारू सुटली, मग छातीची धास्ती लागली

दारू सोडून महिना-दीड महिना झाला असेल, तेव्हा माझी ठाम समजूत झाली की आपलं हृदय आता कधीही बंद पडणार. रात्री डाव्या कुशीवर झोपलं की उशीतून ठोके ऐकू यायचे. मध्येच एक ठोका चुकल्यासारखा वाटायचा, घाम सुटायचा आणि मी उठून बसायचो. पीत होतो तेवढी वर्षं छातीकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. सोडल्यावर दुसरं काही सुचेना.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. आमचा खनिजाचा ट्रक होता. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी थांबल्या आणि ट्रक दारात उभा राहिला. संध्याकाळची घ्यायची ती दुपारवर आली, मग सकाळवर. हा भाग लांबवत नाही, आमच्या पट्ट्यात तो घरोघरी ठाऊक आहे. पुढे शाळेचा बालरथ, म्हणजे मुलांची बस, चालवायचं काम मिळण्याची शक्यता निर्माण झाली, तेव्हा बायको मला आरोग्य केंद्रात घेऊन गेली आणि तिथून बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे मानसोपचाराच्या सरकारी इस्पितळात, पाठवलं.

सोडण्याबद्दल एकच गोष्ट ठासून सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो, भिंतीवर नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो. गावात अशा माणसाला काही लागलं म्हणून घाडीकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, नेतात आणि तेवढ्यात जीव जाऊ शकतो. मला गोळ्या देऊन, त्या हळूहळू कमी करत, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देत उतरवलं. ते दिवस निभावले. खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली.

आधी छाती. मग यकृत. आरशासमोर पापणी खाली ओढून डोळे पिवळे झालेत का बघायचो, उजव्या बरगडीखाली बोटं खुपसून दुखतं का बघायचो, आणि इतकं दाबल्यावर दुखणारच की! कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर उशाशी असायचा. ईसीजी काढला, इको केला, दोन्ही चांगले. डॉक्टर म्हणाले, मधले जादा ठोके निरोगी माणसालाही पडतात. परतीच्या बसमध्ये हलकं वाटलं. रात्री जेवताना मनात आलं, मशीन बिघडलेलं असलं तर? मोबाईलवर शोधायला बसलो की पहाटेपर्यंत एकातून दुसरा आजार निघत जायचा.

गाडीत मुलं असायची, म्हणून ही भीती जास्त बोचायची. वळणावर आपल्याला काही झालं तर त्यांचं काय होईल, या विचाराने स्टिअरिंगवरचे हात ओले व्हायचे.

समुपदेशनाच्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, मला काका म्हणायच्या. त्यांनी विचारलं, "काका, रिपोर्ट चांगला आला की किती वेळ बरं वाटतं?" म्हटलं, संध्याकाळपर्यंत. "आणि पूर्वी घेतल्यावर किती वेळ बरं वाटायचं?" मी गप्प झालो. तेवढाच वेळ. आणि मग पुन्हा हवीशी वाटायची, दर वेळी थोडी जास्त. नाडी बघणं, बायकोला विचारणं, डॉक्टर बदलणं, हे सगळं त्याच वाटेने चाललं होतं. भीतीवर उतारा म्हणून घेतलेली खात्रीच भीतीला पोसत होती. या आजारातून बाहेर पडताना मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

अंगात नेमकं काय चाललं होतं, तेही त्यांनी समजावलं. दारू मेंदूला मंदावते. रोज मिळाली की मेंदू तोल राखायला स्वतःचा जोर वाढवून ठेवतो. दारू गेली तरी तो वाढलेला जोर लगेच उतरत नाही. त्यामुळे झोप तुटते, घाम येतो, ठोके जाणवतात, उगाच दचकायला होतं. पहिला जोर काही दिवसांत ओसरतो, पण झोप आणि अस्वस्थता ताळ्यावर यायला आठवडे, काहींना महिने लागतात. शिवाय इतकी वर्षं अंगाच्या लहानसहान कुरबुरी दारूखाली दबलेल्या असतात. त्या आता ऐकू येतात, आणि जिथे लक्ष लावू तिथे त्या मोठ्या होतात.

मग कामाला लागलो. नाडी बघावीशी वाटली की पंधरा मिनिटं थांबायचं, नंतर अर्धा तास. बघायची नाही अशी बंदी नव्हती, फक्त पुढे ढकलायची. बहुतेक वेळा तोवर लहर निघून जायची. वहीत डाव्या बाजूला काय होईल असं वाटलं ते, उजव्या बाजूला प्रत्यक्षात काय झालं ते. ती वही अजून आहे. डावी बाजू भयंकर आहे, उजवीकडे बहुतेक ठिकाणी जेवलो, झोपलो, गाडीवर गेलो असं लिहिलंय. डॉक्टर एकच ठेवायचा आणि तपासणीची तारीख त्यानेच ठरवायची. चहा कमी केला, कारण त्यानेही धडधड वाढते.

सगळ्यात अवघड होतं ते मुद्दाम छाती धडधडवणं. डॉक्टरांनी हृदय तपासून परवानगी दिल्यावरच हे केलं. मयेच्या तळ्याजवळच्या चढावर भराभर चालायचं, दम लागू द्यायचा, आणि वर पोचल्यावर मनगटाला हात न लावता उभं राहायचं. पहिल्यांदा डोळ्यांपुढे अंधारी येईल असं वाटलं. थोड्या वेळाने ठोके आपोआप खाली आले. जोरात पडणारा ठोका म्हणजे मरण नव्हे, हे मला डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षा त्या चढावर पटलं.

खऱ्या धोक्याची लक्षणंही त्यांनी लिहून दिली. छातीत आवळल्यासारखं दुखून हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, बसल्या जागी दम लागणं, रक्ताची उलटी, डांबरासारखा काळा शौच, डोळे खरोखर पिवळे होणं, पोट फुगणं. यातलं काही दिसलं तर थेट १०८. तो कागद घडी घालून खिशात असल्यामुळे बाकीच्या लक्षणांना थांबायला सांगता आलं.

मार्च-एप्रिल कठीण गेले. काजूच्या बोंडूंचा वास वाऱ्यावर, भाट्या पेटलेल्या, ज्याच्या त्याच्या घरी हुर्राक, म्हणजे काजूची दारू. मला प्यायची इच्छा नव्हती. पण छाती धडधडली की मन म्हणायचं, एक ग्लास घेतला तर ही शांत होईल. आणि ते खरंही होतं, तासाभरापुरतं. सोडलेली माणसं भीतीच्या दारातूनही परत जातात, हे मी ए. ए. च्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, बैठकीत इतरांकडूनही ऐकलं. म्हणून आरोग्याची भीती ही किरकोळ तक्रार समजून डॉक्टरांपासून लपवू नये. मला काही महिने गोळ्याही घ्याव्या लागल्या. त्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे गेले, तोवर धीर धरावा लागला.

रक्ताचे आकडे हळूहळू सुधारले. जीजीटी हा यकृताचा आकडा काही आठवड्यांत उतरू लागतो, पण तांबड्या पेशींचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं असतं, त्यामुळे दारूने वाढलेला त्यांचा आकार सुधारलेला दिसायला महिने जातात. हे आधी कळलं असतं तर दर आठवड्याला लॅबमध्ये गेलो नसतो.

घरच्यांसाठी एक सांगतो. "अहो, तुम्हाला काही झालेलं नाही" असं बायको रोज रात्री समजावायची. मॅडमनी तिला ते थांबवायला सांगितलं. नंतर ती एवढंच विचारायची, "भीती आलीय का?" मी हो म्हटलं की अंगणात माझ्यासोबत बसायची, छातीबद्दल अवाक्षर न काढता. सुरुवातीला मला राग यायचा, ही काळजीच करत नाही असं वाटायचं. पण झोप लागायला लागली ती तेव्हापासून. ज्यांच्या घरी असं बोलायला कोणी नाही, त्यांच्यासाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रीही चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.