डेटा सेंटरचा नकाशा दुरुस्तीच्या दिवसासाठी काढावा

डेटा सेंटरचे, म्हणजे सर्व्हर ठेवण्याच्या इमारतीचे, नियोजन म्हटले की पहिल्या बैठकीत चर्चा बहुधा क्षमतेची होते: किती मेगावॉट, किती रॅक (सर्व्हर बसवायची कपाटे), पहिला टप्पा केव्हा सुरू होणार. हे प्रश्न आवश्यकच आहेत. परंतु अशी इमारत पंधरा-वीस वर्षे अखंड चालायची असते, तिला सुट्टीचा दिवस नसतो, आणि तिच्यातील जवळजवळ प्रत्येक यंत्र त्या काळात केव्हातरी उघडावे, दुरुस्त करावे किंवा बदलावे लागते. म्हणून नकाशावरील प्रत्येक चौकटीला, मग ती पाणी थंड करणाऱ्या चिलरची असो, बॅटरीची असो वा एखाद्या साध्या व्हॉल्व्हची, मी एकच प्रश्न विचारतो: हे काढायची वेळ आली, तर आतले सर्व्हर चालू ठेवून ते काढता येईल का? वीज आणि शीतकरणाच्या नियोजनात माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली आहेत, आणि या प्रश्नाचे उत्तर कागदावर शोधणे किती स्वस्त पडते व इमारत उभी राहिल्यावर शोधणे किती महाग पडते, हे मी पाहत आलो आहे.

उदाहरणासाठी नवी मुंबईचाच विचार करू. ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर पट्ट्यात डेटा सेंटर दाटीने उभी राहिली, ती उगाच नव्हे. समुद्राखालून येणाऱ्या अनेक आंतरराष्ट्रीय केबल मुंबईच्या किनाऱ्यावर, विशेषतः वर्सोव्याला, उतरतात. बँका आणि शेअर बाजार हाकेच्या अंतरावर आहेत. एमआयडीसीची जमीन आणि उच्च दाबाची वीज उपलब्ध आहे. फायबरमधून एक किलोमीटर जायला प्रकाशाला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे एकच व्यवहार दोन ठिकाणी एकाच वेळी नोंदवायचा असेल तर अंतर कमी असणे फार मोलाचे ठरते. मात्र दोन कंपन्यांकडून दोन फायबर घेतले म्हणजे दोन मार्ग झाले, असे होत नाही. ठाण्याची खाडी ओलांडायला पूल मोजकेच आहेत. दोन्ही केबल वाशीच्याच पुलावरून येत असतील तर तिथल्या एका खोदकामात दोन्ही तुटू शकतात. म्हणून एक वाशीकडून आणि एक ऐरोलीकडून येते ना, हे मार्गाच्या नकाशावर बोट ठेवून पाहून घ्यावे, आणि इमारतीत शिरतानाही त्या वेगवेगळ्या बाजूंच्या चेंबरमधून शिराव्यात.

जागा ठरवताना पाण्याचा विचार सर्वांत आधी करावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाणी कुठवर चढले होते ही माहिती आसपासच्या जुन्या कारखान्यांच्या भिंती आणि माणसे अजूनही देतात. ती गोळा करून जोत्याची उंची ठरवावी. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात न्यू यॉर्कच्या मॅनहॅटनमधील ७५ ब्रॉड स्ट्रीट या इमारतीतील जनरेटर वरच्या मजल्यावर सुरक्षित होते, पण त्यांना डिझेल चढवणारे पंप तळघरात होते आणि ते बुडाले. माणसांनी जिन्याने बादल्यांतून डिझेल वाहून नेले, म्हणून तिथली यंत्रणा चालू राहिली. जनरेटर उंचावर ठेवणाऱ्याने पंपाचाही तितकाच विचार करायला हवा होता. साखळीतील सर्वांत खालची कडी कोणती, हे कागदावर शोधताना टाकी, पंप, कंट्रोल पॅनेल आणि त्या पॅनेलला जाणारी केबल इथपर्यंत उतरावे लागते.

त्यानंतर भार. नेहमीचे रॅक ६०० मिलिमीटर रुंद आणि सुमारे १२०० मिलिमीटर खोल असते, आणि भरल्यावर त्याचे वजन एक टनाच्या घरात जाऊ शकते. कार्यालयाचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २५० ते ४०० किलो भार धरून केलेला असतो. डेटा सेंटरला १२०० किलो किंवा त्याहून जास्त धरावे लागतात. जुन्या कार्यालयाच्या इमारतीत डेटा सेंटर बसवण्याचे प्रस्ताव अनेकदा इथेच अडतात, आणि ते इथेच अडणे बरे. विजेच्या भाराचे गणित तर अलीकडे पार बदलले आहे. एका रॅकला ५ ते १० किलोवॉट धरण्याची पद्धत होती. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी आलेले एनव्हिडियाचे जीबी२०० एनव्हीएल७२ हे एकच रॅक सुमारे १२० किलोवॉट घेते. आज आखणी करताना दालनाचा निदान एक भाग अशा रॅकसाठी, पाण्याच्या पाइपांची जागा राखून, वेगळा ठेवावा असे माझे ठाम मत आहे, मग पहिल्या टप्प्यात तिथे साधी रॅक बसली तरी चालेल.

विजेच्या बाबतीत अपटाइम इन्स्टिट्यूटची चार श्रेणींची पद्धत सर्वत्र वापरली जाते. तिच्यातील तिसऱ्या श्रेणीचे मर्म हेच आहे की कोणताही घटक नियोजित दुरुस्तीसाठी बाजूला काढला तरी सर्व्हर बंद पडता कामा नयेत. चौथ्या श्रेणीत अचानक झालेला बिघाडही सहन झाला पाहिजे. प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात; एक ‘ए’ बाजूच्या पॅनेलवरून, दुसरा ‘बी’ बाजूच्या. या दोन बाजूंचे ट्रान्सफॉर्मर, यूपीएस (वीज जाताच बॅटरीवर भार धरणारी यंत्रणा) आणि केबल ट्रे शेवटपर्यंत वेगळे राहिले पाहिजेत. कागदावर वेगळे असलेले ट्रे प्रत्यक्ष जागेवर एखाद्या अरुंद पॅसेजमध्ये एकावर एक येतात आणि एका आगीत दोन्ही जातात, म्हणून मी त्या मार्गांचे आडवे छेद दाखवणारे नकाशे मागून घेतो. आणखी एक गोष्ट सुटते: कोणतीही बाजू बंद केल्यावर उरलेल्या बाजूला पूर्ण भार पेलायचा असतो, त्यामुळे रोजच्या कामात प्रत्येक बाजू निम्म्याहून कमीच भरलेली असायला हवी. हे रॅक भाड्याने देणाऱ्यांना पटवून द्यावे लागते.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा वीजपुरवठा गेला आणि काही भागांत तो परत यायला अनेक तास लागले. अशा वेळी यूपीएसच्या बॅटऱ्या काही मिनिटेच भार धरतात. तेवढ्यात डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर, चालू होऊन भार उचलतो. पुढे प्रश्न डिझेलचा. एका युनिटला साधारण पाव लिटर धरले, तर सर्व्हरचा एक मेगावॉट आणि शीतकरणासह एकूण दीड मेगावॉट भार तासाला ३७५ लिटर आणि ४८ तासांत १८,००० लिटर पितो. एवढा साठा करायचा तर पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेची परवानगी लागते, तिचे मुख्यालय नागपूरला आहे. टाक्यांभोवती सोडायची अंतरे जमिनीचा मोठा भाग खातात. ती नंतर सापडत नाहीत.

बॅटऱ्यांच्या जागेबद्दल मला विशेष आग्रहाने लिहायचे आहे. दक्षिण कोरियातील डेजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली, ती सर्व्हरच्या दालनातील लिथियम-आयन बॅटऱ्या तळघरात हलवण्याचे काम चालू असताना. शेकडो सरकारी संगणक प्रणाली बंद पडल्या; आधी ६४७ सांगितलेला आकडा नंतर ७०९ करण्यात आला. बॅटऱ्या सर्व्हरपासून दूर असाव्यात हा विचार योग्यच होता, पण तो इमारत चालू झाल्यानंतर अमलात आणला जात होता. आरंभीच्या नकाशात बॅटरीला स्वतंत्र खोली, स्वतंत्र बाहेरची भिंत आणि अग्निरोधक दरवाजा देणे याला पर्याय नाही. त्या खोलीचे तापमान २५ अंशांच्या आसपास ठेवावे लागते, कारण लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य साधारण दर १० अंश वाढीला निम्मे होते. आणि काही वर्षांनी जुन्या बॅटऱ्यांची रांग बाहेर नेऊन नवी आणण्याइतकी रुंदी दारात, पॅसेजमध्ये आणि मालाच्या लिफ्टमध्ये असावी.

शीतकरणाचे मूळ गणित साधे आहे. हवेचे तापमान सर्व्हरमधून जाताना सुमारे ११ अंशांनी वाढू दिले, तर दर किलोवॉटला मिनिटाला साधारण १६० घनफूट हवा लागते. १० किलोवॉटच्या रॅकला १,६०० घनफूट पुरतात. १२० किलोवॉटला १९,००० घनफुटांहून जास्त लागतील, आणि रॅकच्या ६०० मिलिमीटरच्या दारातून एवढी हवा रेटणे व्यवहार्य नाही. म्हणून तिथे पाणी थेट चिपपर्यंत न्यावे लागते. आकारमानाला आकारमान धरल्यास पाणी हवेपेक्षा सुमारे ३,५०० पट उष्णता वाहून नेते. साध्या दालनात मात्र थंड आणि गरम हवेच्या गल्ल्या वेगळ्या राखणे, रॅकमधील रिकाम्या जागांना प्लास्टिकच्या पट्ट्या लावणे आणि फरशीतील केबलची भोके ब्रशच्या पट्ट्या बसवून बंद करणे एवढ्याने पुष्कळ काम होते. मी दालनात गेलो की प्रथम रॅकच्या समोर उभा राहून हात फिरवतो. एखाद्या रिकाम्या फटीतून पाठीमागची गरम हवा तळहाताला लागली, तर ती वरच्या सर्व्हरच्या तोंडातही जात असते.

किनारपट्टीवर बाहेरची हवा थेट आत घेऊन वीज वाचवण्याचा मोह टाळावा. पावसाळ्यात ती दमट असते आणि औद्योगिक पट्ट्यात तिच्यात गंधकाचे वायू असू शकतात. याची तपासणी फार सोपी आहे: दालनात तांब्याची आणि चांदीची एक-एक पट्टी टांगायची, ३० दिवसांनी काढून प्रयोगशाळेत पाठवायची. तांब्यावरचा थर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आणि चांदीवरचा २०० पेक्षा कमी असेल तर हवा सौम्य समजतात. काळवंडलेली चांदीची पट्टी डोळ्यांनाच सांगून जाते. जागा विकत घेण्यापूर्वी, मोकळ्या प्लॉटवरही आडोसा करून ही चाचणी घ्यावी.

आगीसाठी गॅसची यंत्रणा बसवताना तिच्या आवाजाचाही विचार करावा. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टमधील आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या चाचणीत सुटलेल्या गॅसच्या आवाजाने हार्ड डिस्क निकामी झाल्या आणि बँकेची सेवा काही तास थांबली. आवाज कमी करणारे नोझल मिळतात. ते निविदेत लिहावे लागतात.

सर्व काही उभे राहिल्यावर सर्व्हर येण्यापूर्वी लोड बँक नावाचे मोठे हीटर दालनात ठेवून पूर्ण भार दिला जातो आणि मग एकेक घटक मुद्दाम बंद केला जातो: बाहेरची वीज, एक डीजी, एक चिलर, ‘ए’ बाजूचे मुख्य पॅनेल. त्यातच एखादा पंप खरोखर नटबोल्ट काढून बाहेर आणून दाखवायला मी सांगतो, म्हणजे व्हॉल्व्ह हाताला लागतो की पाइपाआड अडतो, साखळीपुली लावायला वर हूक आहे की नाही, हे सर्वांना कळते. पहिला ग्राहक आत आल्यानंतर ही चाचणी अशी पूर्ण घेता येत नाही. तिच्यासाठी लागणारे आठवडे मूळ वेळापत्रकात लिहून, करारात पैसे देण्याच्या टप्प्याशी बांधून ठेवावेत, कारण बांधकाम लांबले की पहिली कात्री याच आठवड्यांना लागते.