ओलं काम शनिवारी, आपण अलिबागला

दिवाळी झाली, हवेतला दमटपणा उतरला आणि घरातली ओली कामं काढायचा हंगाम सुरू झाला. मागच्या नोंदीत स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या बसवून थांबले होते. आता बाथरूम आणि बेडरूमची पश्चिमेची भिंत. नव्या मंडळींसाठी थोडक्यात: मुलुंड पूर्व, सत्तरच्या दशकातली इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, वन बीएचके. फरक एवढाच की तेव्हा कन्या पाळण्यात होती, आता रांगते. जमिनीवर सापडेल ती वस्तू आधी तोंडात, चौकशी नंतर.

त्यामुळे कामांची यादी खोलीवार करणं सोडून दिलंय. प्रत्येक कामापुढे आता एवढंच लिहिते, की हे चालू असताना आणि झाल्यावर बाळ घरात चालेल का, नसेल तर किती तास. ते लिहायला लागल्यापासून कॅलेंडर आपोआप जुळत गेलं. आमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, रविवारी तर दिवसभर बंद. आणि पुट्टी, प्रायमर, वॉटरप्रूफिंग यांना एकदा हात मारला की आपल्याकडून काही नको असतं, फक्त वेळ हवा असतो. मग शनिवारी सकाळी ड्रिल, त्यानंतर ओला हात, जेवणं उरकली की दाराला कुलूप. घर वाळतंय तोवर आपण बाहेर. ‘आपण फिरायला जात नाही, रंगाला एकांत देतो,’ असं नवरा म्हणतो. खोटं नाही ते.

बाथरूम

तोडफोड मी केली नाही, करणारही नव्हते. जुन्या लाद्या काढणं, मलबा गोण्यांत भरणं आणि तीन मजले खाली नेणं हे मिस्त्री आणि बिगाऱ्यांचं काम. ते चालू होतं तेव्हा मी मुलीला घेऊन डोंबिवलीला आईकडे. गोण्या जिन्याखाली ठेवून रोजच्या कचरागाडीत थोड्या थोड्या सरकवण्याचा सल्ला देणारे खूप भेटतात. तसं करू नका. मलबा उचलून नेणारी महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे, तिला फोन करायचा.

कोटिंग मात्र मी स्वतः केलं. पॉलिमर मिसळलेलं सिमेंटचं, दोन घटकांचं: एक पावडर, एक पांढरं द्रव. ब्रशने लावायचं असतं आणि हाताला वळण असलं की सुंदर बसतं. आधी जमीन आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यांना सिमेंटची गोलाई दिली, कारण काटकोनातच कोटिंग तडकतं. पाइप जिथे भिंतीतून बाहेर येतो तिथे फायबरच्या जाळीचा तुकडा पहिल्या हातातच दाबून बसवला. पृष्ठभाग ओलसर हवा, पण पाणी साचलेलं नको. पहिला हात आडवा, दुसरा उभा, म्हणजे ब्रशच्या रेघांमधल्या फटी एकमेकींना झाकतात. शॉवरच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत नेलं, बाकी भिंतींना फूटभर. दोन हातांमधलं अंतर पाकिटावर लिहिलेलं असतं आणि तेच पाळायचं. मिस्त्रीच्या ‘हो जाएगा मॅडम’वर जायचं नाही.

संडास वेगळा असल्यामुळे हे दिवस निभावले. मोठ्यांच्या आंघोळी शेजारच्या काकूंकडे, बाळाची स्वयंपाकघरातल्या मोरीत. त्या मोरीला ‘काढून टाका, जागा वाढेल’ असं सगळे सांगत होते. आता कोणी सांगत नाही.

मग पाणी भरून ठेवायची चाचणी. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भोकात, प्लॅस्टिकचा बोळा घट्ट कोंबला, उंबऱ्याला विटेचा तात्पुरता बांध घातला, अडीच इंच पाणी सोडलं आणि भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलीने खूण केली. अठ्ठेचाळीस तास ते तसंच राहू द्यायचं. पाणी किंचित उतरलं तर घाबरू नका, थोडं हवेत जातं; खूण आणि पाणी यांच्यात बोटभर अंतर पडलं तर मात्र लाद्या लावायच्या आधी शोध घ्यायचा.

खरी अडचण वेगळीच होती. रांगतं मूल आणि अडीच इंच पाणी एका घरात नको. इतक्या पाण्यातही तान्हं बाळ बुडू शकतं, तेही आवाज न करता, आणि आमच्या बाथरूमच्या दाराची कडी त्या वेळी निघालेली होती. म्हणून चाचणीचे दोन दिवस आम्ही घरात नसणं हाच सगळ्यात साधा बंदोबस्त. खालच्या मजल्यावरच्या काकांना सांगितलं, तुमच्या बाथरूमच्या छताकडे लक्ष ठेवा, आणि निघालो.

मांडवा, मग अलिबाग

गाडी घेऊन रो-रोने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीने, गेलो. ही बोट मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाते, साधारण तासाभरात. गाडी खालच्या डेकवर, माणसं वर. गेटवेहून सुटणाऱ्या बोटी स्वस्त पडतात, पण त्यांत गाडी नेता येत नाही. आणि बाळ म्हटलं की गाडीचं महत्त्व प्रवासापेक्षा सामानाला जास्त. कार सीट, घडीची गादी, मच्छरदाणी, नाचणी सत्त्वाचा डबा, छोटा कुकर. यातलं काहीही पाठीवर टाकून गेटवेच्या रांगेत उभं राहायची माझी तयारी नाही.

मुलुंडहून धक्क्यापर्यंत इस्टर्न फ्रीवे. पांजरापोळचा बोगदा येईपर्यंत कन्या झोपलेली असते, हा आमचा अनुभव. कार सीट उलट्या तोंडाची, मागच्या सीटवर, आयसोफिक्सला (गाडीतच बसवलेल्या कार सीटच्या कड्यांना) अडकवलेली. आर-१२९ या युरोपीय मानकात १५ महिन्यांपर्यंत उलटंच बसवा असं आहे, आणि ते पटतं, कारण अचानक ब्रेक लागला तर मान न हिसकता पूर्ण पाठ सीटमध्ये दाबली जाते. पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर, उलटी सीट कधीच नाही. नातेवाइकांपैकी कोणी ‘मांडीवर घे, किती रडतंय’ म्हणालं की मी गाडी बाजूला घेते, थांबते, पोरीला बाहेर काढते, शांत करते, परत बसवते. वेळ लागतो. लागू दे.

बोटीत चढताना एक करा: डायपर, दुपटं, पाणी, खाऊ वेगळ्या पिशवीत काढून हातात ठेवा. एकदा वर आलं की खाली गाडीकडे पुन्हा जाता येईल असं धरून चालू नका. आणि रविवार संध्याकाळचं परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा, तेव्हा अख्खी मुंबई मांडव्याला उभी असते.

अलिबागजवळ नागावला सुरूच्या बनाजवळ एका घरात राहिलो. घरकामाचं वेड असलं की दुसऱ्याच्या घरातही डोळे स्वस्थ बसत नाहीत. खोलीत शिरल्याबरोबर मी गुडघ्यांवर, पोरीच्या उंचीवर. जमिनीलगत सॉकेट किती, पलंगाखाली काय, बाथरूमच्या दाराची कडी बाहेरून लागते का, टीपॉयचे कोपरे कसे. सोबत चिकटपट्टी आणि सॉकेटची झाकणं असतातच. मालकीणबाई आधी बघत राहिल्या, मग स्वतःच म्हणाल्या, ‘बाळ येणार माहीत असतं तर ती समई उचलली असती.’ रात्री मुगाच्या डाळीचा मऊ भात आणि तूप त्यांनीच करून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोटो आला: त्यांच्या बाथरूमचं छत, कोरडं. संध्याकाळी आणखी एक, त्याच कोनातून. त्याखाली ‘ओके’. इमारतीत गेली कित्येक वर्षं लिकेजवरून जे काही बोललं गेलंय ते पाहता, हा ‘ओके’ मी जपून ठेवलाय.

धूळ

आवाजाचं फार काही नाही. बाळ आजोबांबरोबर बागेत, तेवढ्यात ड्रिल. गिट्ट्या, फासनर, एल-पट्ट्या सगळं त्यात उरकतं. लोखंडी कपाट आणि पुस्तकांचं शेल्फ भिंतीला बांधून टाकलंय, उभं राहायला शिकणारं मूल पहिल्यांदा तेच ओढतं. सॉकेट आता शटरवाले. आरसीसीबी, म्हणजे शॉक बसायची वेळ आली की वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरचा आहे, त्याचं टेस्टचं बटन महिन्यातून एकदा दाबते. इतकंच.

धुळीचं मात्र सविस्तर, कारण याबद्दल आपल्यात फार कमी बोललं जातं. जुन्या दारा-खिडक्यांवरचा ऑइल पेंट. घरगुती रंगांत विषारी शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाखांत ९० भागांपेक्षा) जास्त नको असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आमच्या खिडक्यांवर त्याच्या आधीचे किती थर आहेत देव जाणे. म्हणून मी धरूनच चालले की आत शिसं आहे. मग कोरडा पॉलिश पेपर नाही, ग्राइंडर नाही, हीट गन नाही. जिथे थर घट्ट आहे तिथे धुऊन, वॉटर पेपरने ओलं घासून, वर प्रायमर आणि नवा रंग. आतलं आत राहू द्यायचं. अडचण चौकटींची. खिडकी चौकटीवर घासते आणि दर उघडझापीला बारीक भुकटी खाली पडते, तीही नेमकी रांगण्याच्या वाटेवर. तिथे रंगावर रंग उपयोगाचा नाही. सुताराकडून ती जुनी तावदानं न तोडता अख्खी काढून घेतली, खाली प्लॅस्टिक अंथरून, आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या. नंतर झाडू अजिबात नाही, ओलं फडकं, आणि ते फडकंही टाकून दिलं. सुतार माझ्याकडे बघून हसत होता. तोही मास्क लावून होता, ते पुरे.

जमिनीवरचं मोझॅक ठेवलंय. वरून टाइल्स चिकटवल्या असत्या तर दारं खालून कापावी लागली असती, आणि हे मोझॅक पॉलिश केल्यावर आजच्या बऱ्याच टाइल्सना लाजवेल असं आहे. पॉलिश पाण्यात होतं, म्हणून धूळ नाही, चिखल होतो. शेवटच्या हाताला ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर वापरतात, ती विषारी. नंतर साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली आणि तोवर पोरीला त्या खोलीत सोडलं नाही.

पश्चिमेची भिंत, आणि माथेरान

या भिंतीवर पावसाळाभर झड येते. पोपडे, लोणा म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, सगळं. आत रंग लावून उपयोग नव्हता. आधी सोसायटीने बाहेरची भेग भरली, मग मी थांबले. वाळली की नाही बघायला प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दोन दिवस ठेवायचा. आतून दव धरलं तर भिंतीत अजून पाणी आहे. तसं धरेनासं झाल्यावरच पुट्टी लावायला घेतली. थर पातळ ठेवले आणि ओली असतानाच पत्र्याने जमेल तितकी सपाट करून घेतली, म्हणजे नंतर घासायला कमी.

प्रायमरच्या शनिवारी माथेरान. ठाण्याहून कर्जत लोकल, नेरळला उतरून शेअर टॅक्सीने दस्तुरी, जिथे मोटारी थांबतात, तिथून अमन लॉज ते माथेरान रेल्वेची छोटी शटल. नेरळहून वर जाणारी मूळ मिनी ट्रेन १९०७ ची, पण मूल इतकं लहान असताना मला शटलच बरी वाटली. पाच वर्षांखालच्यांना रेल्वेत तिकीट नाही. वर गाड्यांना बंदी, म्हणून धूर नाही, हॉर्न नाही. पण लाल माती आणि दगड, तेव्हा स्ट्रोलर घरीच ठेवा. कॅरियरमध्ये छातीशी बांधलं की दोन्ही हात मोकळे राहतात, आणि ते लागतात, कारण माकडं हातातलं बिस्किट सोडत नाहीत. रविवारी येताना मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी लोकल बंद) बघून निघा. माटुंगा–मुलुंड पट्ट्यात बहुतेक रविवारी काहीतरी असतंच. आम्ही तो संपल्यावर पोचू असा हिशोब करून दुपारी उशिरा खाली उतरलो.

घरी आल्यावर भिंत कोरडी, वास नाही म्हणण्याइतका. इमल्शन पाण्याचं असल्यामुळे पुढचे दोन हात सोपे गेले. तरी काही रात्री पाळणा हॉलमध्येच ठेवला, बेडरूमच्या खिडक्या उघड्या.

पुढचं

बेडरूमच्या खिडकीची जुनी बॉक्स ग्रिल. नक्षीत आडव्या पट्ट्या आहेत, म्हणजे चढायला शिडीच, आणि मधल्या फटी सहा इंचांच्या. नवीन उभ्या सळ्यांची करतेय, दोन सळ्यांत चार इंचांपेक्षा कमी अंतर. पण आग लागली तर बाहेर पडता आलं पाहिजे, म्हणून एक भाग उघडणारा हवा. कुलूप लावलं तर ऐन वेळी किल्ली सापडणार नाही, नुसती कडी ठेवली तर वर्षभरात पोरगी ती उघडेल. मोठ्या माणसाला दोन हातांनी, दाबून आणि उचलून उघडता येईल अशी कडी फॅब्रिकेटर बनवून देतो म्हणतोय. पुढच्या आठवड्यात तो माप घ्यायला येईल. कोणी अशी बसवली असेल तर फोटो दाखवा, आणि दोन पावसाळ्यांनंतर ती गंजून अडकते का तेही सांगा.